पितृपक्षातली हळद

मला विचारतात, तू त्या साहेबाला एवढं कसं गं अडकवलंस? मी खरं तेच सांगते. मी काही केलं नाही. त्याने जे सांगितलं तेच केलं, एक अक्षर इकडचं तिकडे न करता. अकरा बायकांकडून पाठ करून घेतलं, स्वतः पाठ केलं आणि जिथं म्हणायचं तिथं म्हणून दाखवलं. यात माझं काय चुकलं, सांगा बरं!

मी गडबची. म्हणजे सासर गडब, पेणजवळ. सकाळी नाक्यावर ठेकेदाराची गाडी यायची, नागोठण्यावरून रोह्याच्या कारखान्यात आम्हाला नेऊन टाकायची आणि संध्याकाळी परत आणून सोडायची. माझ्याबरोबर माझी थोरली जाऊ असायची. मी तिला वैनी म्हणते. आमचं काम पिवळी पावडर पिशव्यांत भरायचं. ती परदेशी जायची, तिकडे तिचा कापडाचा रंग करतात म्हणे. तिकडच्या कापडाचं मला माहीत नाही, आमचे हात मात्र पक्के रंगले होते. तळवे, नखं, अंगठ्याच्या बेचक्या, सगळं पिवळंधमक. साबण लावा, लिंबू चोळा, राखेने घासा, ढिम्म फरक नाही. तांदळाची भाकरी थापली की तिच्यावर बोटं उमटायची. नवरा म्हणायचा, तुझ्या हातच्या भाकरीला फोडणी वेगळी द्यायला नको.

वैनी हसायची. तिचं हसू तीन घरं पलीकडे ऐकू जायचं. गळाच तसा होता. आमच्याकडे लग्नापेक्षा हळद मोठी, आणि हळदीत मांडवात बसून धवले म्हणायला बाई लागते. ही गाणी पुस्तकात नसतात, पाठ असावी लागतात, आणि म्हणणारीला दम असावा लागतो. पेणच्या खाडीकाठच्या गावांतून वैनीला बोलावणी यायची. तीन तीन तास बसायची, मध्ये पाण्याचा घोटसुद्धा नाही. पाळीवरून आलेली असली तरी जायची. आवाजाला कधी विश्रांती दिलेली मला आठवत नाही.

आता साहेबाबद्दल. कामगारांचं सगळं तो बघायचा, कोण आत, कोण बाहेर, कोणाला रजा, कोणाला नारळ. माझ्याच वयाचा, गोरागोमटा, रोह्याजवळ वरशाला नवीन इमारतीत राहायचा. बोलायला असा गोड की समोरच्याला वाटावं, आपलाच भाऊ. बारावी झालेली मी एकटीच, म्हणून त्याची माझ्यावर नजर गेली. वैशाखात एकदा मला केबिनमध्ये बोलावलं. खुर्ची दिली. चहा दिला, तोही कपबशीत. म्हणाला, "परदेशातलं गिऱ्हाईक तपासणीला माणसं पाठवतंय. कामगारांना नीट वागवतात का, ते बघायला. जगभरच्या देशांनी मिळून नियम केलेत, त्याप्रमाणे सगळं आहे का, ते विचारतील. तू शिकलेली आहेस. या बायकांकडून उत्तरं पाठ करून घे."

आणि मी घेतली. हे लपवणार नाही. त्या कपबशीने माझं डोकं फिरवलं होतं. डब्याच्या सुट्टीत बायकांना ओळीत बसवून मी मास्तरणीसारखी विचारायची. हातमोजे मिळतात? मिळतात. तोंडाला मास्क? मिळतो. जादा काम जबरदस्तीने करायला लावतात? नाय. खरं म्हणजे हातमोजे तपासणीच्या सकाळी यायचे आणि संध्याकाळी गेटवर मोजून परत घ्यायचे. एका म्हातारीने विचारलं, मोजे हायत तर हात पिवळे कशे, असा त्यांनी विचारला तर? मी साहेबाला जाऊन विचारलं. तो हसला. "लगीनसराई आहे ना? सांगायचं, काल घरात हळद होती."

वाहवा! मलाही तेव्हा त्याच्या हुशारीचं कौतुक वाटलं. खरोखरच गावोगाव हळदी चालल्या होत्या. तपासणीला दोघी आल्या. एक परदेशी बाई, उंच, पिकल्या केसांची, आणि तिला मराठीचं इंग्रजी करून सांगायला ठाण्याकडची एक बाई. आमच्या हातांकडे बघून परदेशी बाईने विचारलं, आम्ही हळद सांगितलं, ठाण्याच्या बाईने तिला समजावलं. दोघी हसल्या. कारखाना पास झाला.

आम्ही बाराजणी हजेरीच्या कागदावर होतो म्हणून आम्हाला दाखवलं. ज्यांची नावं कागदावर नव्हती, त्या सोळाजणींना त्या दिवशी टेम्पोत बसवून कुठल्याशा देवळात नेलं होतं. त्यात वैनी. वडापाव खाऊन, देवाला नमस्कार करून त्या परत आल्या. वैनी म्हणाली, "बरा झाला गो, फुकटची सहल झाली." मीही हसले. आपल्या माणसाला कागदावर नावच नाही, याचा अर्थ काय होतो, ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं नाही. बारावी झालेली बाई मी!

तो अर्थ आषाढात कळला. वर टांगलेली पावडरीची मोठी पिशवी शिवणीवर फाटली आणि सगळी वैनीच्या अंगावर आली. धूळ ओढून घेणारा पंखा महिनाभर बंद होता, सांगून सांगून तोंड दुखलं होतं. मी पलीकडे पिशव्यांची तोंडं शिवत होते. पिवळ्या धुरळ्यातून वैनी दोन पावलं चालत आली आणि बसली. बसली ती आडवीच झाली. तिचे ओठ जांभळे झाले होते. मी ओरडले. साहेब धावत आला, आणि त्याने पहिलं वाक्य काय उच्चारलं ठाऊक आहे? "हिला आधी गेटच्या बाहेर घ्या."

दोघांनी तिला उचललं. मला वाटलं, मोकळ्या हवेसाठी. गेटाबाहेर चहाच्या टपरीजवळ नेऊन ठेवली. मग रिक्षा बोलावली. कारखान्याची गाडी आत सावलीत उभी होती, तिला हात लावला नाही. इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, पावडर कसली होती? नाव कळलं तर औषध नेमकं देता येईल. मी साहेबाला फोन केला. तो म्हणाला, "कसली पावडर? ती बाई रस्त्यात चक्कर येऊन पडली." मी दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये जाऊन हात जोडले. हो, जोडले. नुसतं नाव सांगा म्हटलं. तो गोड आवाजातच म्हणाला, "तुला उद्यापासून घरी बसायचंय का?"

त्याच्या टेबलावर एक कागद होता. उलटा होता, पण मला वाचता येतो उलटासुद्धा. कंपनीच्या हद्दीबाहेर एक अनोळखी महिला चक्कर येऊन पडली, माणुसकीच्या नात्याने मदत करण्यात आली. खाली त्याची सही. अनोळखी! चार वर्षं त्याच्या समोरून पिशव्या वाहिलेली बाई अनोळखी! माझ्या डोक्यात तिडीक गेली.

वैनी वाचली. पण दम गेला. ओट्यावरून अंगणात उतरली की ओट्याच्याच कडेला टेकायची. चार शब्द बोलायची आणि पाचव्यासाठी थांबायची. श्रावणात खारपाड्याकडून एकजण पुढच्या हळदीचं सांगायला आला, त्याला तिने नुसती मान हलवून नाही म्हटलं. तो गेल्यावर भिंतीकडे तोंड करून झोपली. मी जवळ बसले तेव्हा म्हणाली, "मी आत पडले गो. गेटाच्या आत. कामावर. येवढा तरी लिवा म्हनावा." तिला दुसरं काही नको होतं. तेवढंच परत परत म्हणायची.

मी मनात त्या माणसाचं काय काय केलं, ते सांगण्यासारखं नाही. त्याला त्याच पिशवीखाली उभा केला. त्याचे ओठ जांभळे होताना पाहिले. गाडीत बसले की नागोठण्यापर्यंत हेच. नवरा म्हणायचा, गप राहा, चार घरांची चूल त्या कारखान्यावर हाय. बरोबरच होतं त्याचं. मी गप राहिले. साहेबासमोर आणखी गोड झाले. त्याने चहा दिला तर घेतला. मला फक्त संधी हवी होती, आणि ती कशी असेल ते ठाऊक नव्हतं.

ती त्यानेच हातात आणून दिली. भादव्यात, गणपती जाऊन थोडेच दिवस झाले होते. गिऱ्हाइकाने कळवलं, पुन्हा तपासणी, दोन दिवसांत. साहेबाची धांदल उडाली. भिंतीला रंग, संडासात साबण, कामगारांच्या हक्कांचे छापील फलक दाराशी. मला दारातच गाठून म्हणाला, "मागच्या वेळी केलं तसंच. तेच प्रश्न, तीच उत्तरं. एक शब्द बदलायचा नाही."

"हाताचं, साहेब?"

"तेच. काल हळद होती."

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. पितृपक्ष चालू होता. घराघरांत पितरांची पानं वाढली जात होती, दुपारी कौलावर कावळ्यांना हाका मारल्या जात होत्या. या पंधरवड्यात आमच्याकडे नवीन केरसुणी आणत नाहीत, पोरीला बघायला कोणी जात नाही, आणि हा सांगतो बाराजणींच्या घरी हळद होती! मराठी माणूस, त्याच्याही घरी पान वाढलं जात असणार. पण त्याला हळद म्हणजे फक्त कागद वाटत होता, एकदा चालला तर पुन्हा चालेल. हसू दाबायला मी पदर तोंडाला लावला. त्याला वाटलं, मी लाजले.

"एकही शब्द बदलत नाय," मी म्हटलं.

डब्याच्या सुट्टीत बायकांना ओळीत बसवलं. पाठ सुरू झाला. हाताचा प्रश्न आला तशी ती म्हातारी थांबली. "पितृपक्षात हळद? तुजा डोका फिरलाय काय गो?"

"साहेबांनी सांगितलंय," मी म्हटलं. "तेच सांगायचं. काल हळद होती."

म्हातारीने माझ्याकडे पाहिलं. मग शेजारणीकडे. मग सगळ्या ओळीतून एक हसू सरकत गेलं, आवाज न करता, आणि म्हातारीने पदर सावरून मोठ्याने म्हटलं, "काल हळद व्हती! माज्या पुतन्याची!" त्या दिवशी पाठांतर असं पक्कं झालं की काय सांगू. वैनीला प्रत्येकीने ऐकलेलं होतं. प्रत्येकीच्या घरच्या हळदीत तिने गायलेलं होतं.

तपासणीला त्याच दोघी आल्या. एकेकीला खोलीत बोलवायच्या, कंपनीचं कोणी आत नाही, तसा त्यांचा नियम. साहेब बाहेर येरझाऱ्या घालत होता. मी नवव्या नंबरवर गेले, तोवर आठजणींची हळद सांगून झाली होती. ठाण्याच्या बाईचा चेहरा वेगळाच दिसत होता. तिने मला मोज्यांचं विचारलं, मास्कचं विचारलं, मी पाठ म्हटला. मग तिने माझे हात पाहिले.

"हे पिवळे कशाने?"

"काल हळद होती."

"तुमच्याही घरी?"

"व्हय."

तिने पेन खाली ठेवलं. "ताई, पितृपक्ष चालू आहे."

"व्हय."

"पितृपक्षात हळद लावली?"

"नाय लावली," मी म्हटलं. "साहेबांनी सांगितलीय."

परदेशी बाई विचारत होती, काय झालं, काय म्हणाली? ठाण्याची बाई तिला समजावू लागली, आणि त्या एका गोष्टीला तिला बराच वेळ लागला, कारण आधी पितर सांगावे लागले. परदेशी बाईने शेवटी माझा हात आपल्या हातात घेतला आणि तळवा उजेडाकडे वळवला. मग मी बोलले. वैनीचं बोलले. टेम्पोचं, देवळाचं, बंद पंख्याचं, टपरीचं, त्या कागदाचं. मागच्या वेळी मीच खोटं पढवलं होतं, तेही बोलले.

निघताना मी विचारलं, हे नियम केले कोणी? ठाण्याची बाई म्हणाली, जिनिव्हाला देशोदेशीची माणसं जमतात. सरकारं बसतात, मालक बसतात आणि कामगारही बसतात. आपला देश पहिल्यापासून आहे त्यात. धोक्याची वस्तू हाताळणाऱ्याला तिचं नाव कळलं पाहिजे, हे त्यांनीच लिहिलं आहे. मला एकदम रडू फुटलं. कुठल्या कुठे कोणी तरी माझ्यासारखा माणूस टेबलाशी बसून भांडला होता, पावडरीचं नाव सांगा म्हणून, आणि मी इथं त्याच नावासाठी हात जोडले होते. तेवढ्या लांबून नियम आला होता, शेवटची चार पावलं मात्र आम्हालाच चालायची होती.

बाहेर साहेबाने विचारलं, "काय सांगितलंस?"

"तुमी सांगितलंत तेच," मी म्हटलं. ते खरंही होतं.

अहवाल आला. गिऱ्हाइकाने माल थांबवला. महिनाभर आमच्याही चुलीची काळजी होती, गडबात दोन घरांनी माझ्याशी बोलणं टाकलं. मग कंपनी वाकली. सोळाजणींची नावं हजेरीवर आली. पंखा बसला. मोजे आमच्याजवळच राहू लागले. पावडरीचं नाव एका जाड कागदावर इस्पितळात पोचलं. डॉक्टरांनी तो वाचला आणि म्हणाले, हे पहिल्या दिवशी हवं होतं. आता जेवढं सावरलं तेवढंच.

मला वाटलं होतं, साहेबाला हाकलतील. नाही हाकललं. तुम्हीच बिघडवलंत, तुम्हीच निस्तरा, म्हणून ठेवला. मी आठ दिवस धड जेवले नाही. मग सुरक्षा समिती झाली, बायकांनी मला निवडून दिलं, आणि मी नियमांचा कागद वाचायला घेतला. त्यात मला सापडलं. अपघाताची नोंद अधिकाऱ्याने, म्हणजे साहेबाने, दर महिन्याला समितीसमोर वाचून दाखवायची. कामगार प्रतिनिधीचं समाधान होऊन सही झाली की नोंद बंद.

माझं समाधान होत नाही.

पहिल्या बैठकीत त्याने नवा कागद वाचला. अनोळखी नव्हे, वैनीचं पूर्ण नाव. गेटबाहेर नव्हे, भरणा विभागात, कामावर असताना. त्याच्या स्वतःच्या तोंडून. शेवटचं वाक्य, अधिकाऱ्याच्या आदेशावरून जखमी कामगारास प्रथम गेटबाहेर नेण्यात आले, ते तो भरभर म्हणाला आणि रजिस्टर माझ्याकडे सरकवलं. मी म्हटलं, पुढच्या महिन्यात बघू. पुढच्या महिन्यात पुन्हा वाचलं. त्याच्या पुढच्या महिन्यातही. त्याचा गोड आवाज आता त्या वाक्याशी आला की कोरडा पडतो. घरी येऊन मी वैनीला त्याची नक्कल करून दाखवायची. एकदा एवढी हसली की खोकल्याने घेरली. खोकला थांबल्यावर डोळे पुसत म्हणाली, "मला ने. मला बगायचाय."

मी नेलं. समितीची परवानगी रीतसर घेतली. रिक्षा आतपर्यंत, थेट भरणा विभागाच्या दारापर्यंत आणली. वैनी लुगडं चापूनचोपून नेसली होती. गेटवरून आत येताना तिने दोन्ही बाजूंना नीट पाहून घेतलं. साहेबाच्या समोरच्या खुर्चीत तिला बसवली. त्याने रजिस्टर मिटलं. म्हणाला, आज राहू द्या, पुढच्या वेळी वाचतो. मी म्हटलं, वाचा.

त्याने सुरुवात केली. मान खाली, आवाज ओठांतल्या ओठांत. वैनीने हात वर केला.

"आयकू नाय येत," ती म्हणाली. मग श्वास घेतला. "जोरान वाचा."

त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. वैनी कानाशी हात धरून पुढे वाकली होती. तिचं नाव आलं, भरणा विभाग आला, पंखा आला, गेट आलं. कामावरच्या बायका दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या, त्यांना कोणी हटकलं नाही. वाचून झाल्यावर त्याने रजिस्टर माझ्यासमोर सरकवलं. दोन्ही हातांनी. मग वैनीकडे वळून म्हणाला, "ताई, चूक झाली. आता तरी मिटवू या. यांना सही करायला सांगा."

ताई म्हणाला. मला वाटलं, वैनी पाघळणार. ती मनाने फार मऊ, दारात आलेल्या मांजरालासुद्धा उपाशी धाडत नाही. मी पेनाचं टोपण काढलं आणि तिच्याकडे पाहिलं. ती बराच वेळ श्वास गोळा करत राहिली. आम्ही सगळे थांबलो. साहेबही थांबला.

"माजा दम," ती म्हणाली, आणि मध्ये टेबलाला धरलं, "परत येल ना गो, तवा कर सही."

मी टोपण लावलं.